सरकलेल्या कंबरेचा इतिहास

गेल्या रमजानच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. अम्मी घरीच तरावीह पढत होती. सजद्यातून उठताना तिचा हात भिंतीकडे गेला आणि ती तशीच अर्धवट वाकून थांबली. कमरेच्या खाली, डाव्या बाजूला, सुरी खुपसावी तशी कळ आली होती. दुसऱ्या दिवशी मी एक प्लास्टिकची खुर्ची आणून तिच्या जानमाजजवळ ठेवली. संध्याकाळी घरी आलो तर खुर्ची अंगणात होती. “अभी इत्ती बुड्ढी नई हुई मैं,” एवढेच ती म्हणाली.

हे दुखणे नवे नव्हते. धाकट्या भावाच्या जन्मापासून, म्हणजे वीसेक वर्षे ते तिच्यासोबत आहे. आधी मोहल्ल्यातल्या मालिशवाल्या खाला यायच्या. मग कुणीतरी एका हाडवैद्याचा पत्ता दिला. त्याने पाठीवर अंगठा फिरवून सांगितले, “कंबर सरकली आहे.” पाय वळवून झटका दिला, कट्ट आवाज झाला आणि अम्मी सरळ चालत घरी आली. चार दिवसांनी दुखणे परत. मग दर दोन-तीन महिन्यांनी तीच फेरी. कंबर सरकायची, तो बसवायचा, पुन्हा सरकायची.

या वेळी मी हट्टाने तिला फिजिओथेरपिस्टकडे नेले. पंचविशीतली मुलगी होती. तिने अम्मीला आडवे झोपवून पाच-सहा प्रकारे दाबून पाहिले, मग म्हणाली, “काकू, तुमचं हाड जागेवरच आहे. ते सरकलेलं नाही, त्यामुळे मी ते बसवणारही नाही. पण दुखणं खरं आहे आणि ते कमी होईल.” परतताना रिक्षात अम्मी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “फिर बीस साल से वो क्या बिठा रहा था?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. इतिहास वाचणाऱ्या माणसाला जे जमते ते मी केले. ‘हाड सरकले’ ही कल्पना कुठून आली, हाताने दुखणे उतरवण्याची विद्या कशी वाढली आणि आज ती कुठे येऊन पोहोचली आहे, हे शोधत गेलो. त्याचा हा गोषवारा.

दोन हाडांमधली चिंचोळी जागा

आधी सांधा समजून घेऊ. पाठीचा कणा खाली जिथे संपत येतो तिथे एक त्रिकोणी हाड असते, त्याला त्रिकास्थी म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना खुब्याची रुंद हाडे जोडलेली असतात. ही जोडणी म्हणजे सॅक्रोइलियाक सांधा. डॉक्टर लोक त्याला ‘एसआय जॉइंट’ म्हणतात. पाठीमागे कमरेखाली दोन खळ्या दिसतात, त्यांच्या आसपास हा सांधा खोल दडलेला असतो. धडाचे सारे वजन याच वाटेने पायांत उतरते, म्हणून त्याच्याभोवती शरीरातले अतिशय बळकट अस्थिबंध आहेत.

त्रिकास्थीला युरोपच्या वैद्यकात ‘पवित्र हाड’ म्हणत. ‘सॅक्रम’ हा लॅटिन शब्द त्यातूनच आला आहे. आपल्याकडेही या भागाविषयी एक आदर आहे. माणसाचे सारे शरीर मातीत मिसळते, पण कण्याच्या टोकाचे एक हाड उरते आणि कयामतच्या दिवशी त्यापासूनच त्याची पुन्हा घडण होईल, असा आशय असलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अम्मीला ही हदीस ठाऊक आहे. त्यामुळे तेच ठिकाण दुखते, याची तिला वेगळी धास्ती वाटायची.

ग्रीकांपासून कुर्तुबापर्यंत

हाताने सांधे हाताळण्याची विद्या फार जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रंथात, रुग्णाला फळीवर पालथे झोपवून ताणायचे आणि कण्याच्या उंचवट्यावर हाताने, टाचेने किंवा चक्क बसून दाब द्यायचा, असे उपाय आहेत. त्याच ग्रंथात रुग्णाला शिडीला बांधून हलवण्याच्या प्रकाराची निंदाही आहे. गर्दीला चकित करण्यासाठी असले खेळ केले जातात, असा त्याचा रोख आहे. म्हणजे उपचार आणि तमाशा यांतली सीमारेषा तेव्हाही चर्चेत होती. चोळण्याने आखडलेला सांधा सैल होतो, तसाच सैल सांधा घट्टही होतो, हे निरीक्षणही तिथेच सापडते.

ही परंपरा बगदादच्या भाषांतर चळवळीतून अरबीत आली आणि तिथे वाढली. कुर्तुबाजवळच्या मदीनतुज्जहरा इथले अबुल कासिम अल-जहरावी (९३६-१०१३) यांनी ‘किताबुल तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात पहिले प्रकरण डाग देण्याचे, दुसरे चिरफाडीचे आणि तिसरे मोडलेली हाडे व निखळलेले सांधे बसवण्याचे. पाठदुखी आणि ‘इर्कुन्नसा’, म्हणजे ज्याला आपण आज सायटिका म्हणतो, त्यावर जहरावींनी डाग देण्याचा उपायही नोंदवला आहे. आमच्या गावाकडे आजही कमरेवर डागल्याचे व्रण असलेली म्हातारी माणसे भेटतात. त्या व्रणांचा वंशवृक्ष इतका लांब जाऊ शकतो, हे मला आधी ठाऊक नव्हते.

पण मला खरे थांबवले ते इब्न सिना (९८०-१०३७) यांनी. त्यांच्या ‘अल-कानून फित-तिब्ब’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात आरोग्य राखण्याविषयी विवेचन आहे. तिथे ‘रियाजत’ म्हणजे व्यायाम आणि ‘दलक’ म्हणजे मालिश यांचा विचार लागोपाठ येतो. कठोर दलकाने शरीर घट्ट होते, मऊ दलकाने सैल होते, अशी वर्गवारी ते करतात. पुढे आणखी एक भेद सांगतात. एक दलक व्यायामाआधीचे, शरीराला तयार करणारे. दुसरे व्यायामानंतरचे, थकवा उतरवून शरीर पूर्वपदावर आणणारे. म्हणजे मालिश हा त्यांच्या लेखी स्वतंत्र इलाज असला, तरी त्याची एक जागा व्यायामाच्या सोबत होती. हात आणि हालचाल ही त्यांच्याकडे एका घरातली भावंडे आहेत. माझ्या मते पुढच्या हजार वर्षांची गोष्ट या भावंडांच्या फारकतीची आणि पुन्हा भेटीची आहे.

‘कानून’ बाराव्या शतकात टोलेडो इथे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला गेला. इकडे १४६५मध्ये अनातोलियातल्या अमासिया शहरात शरफुद्दीन साबुनजुओग्लू या शल्यवैद्याने तुर्की भाषेत ‘जर्राहियतुल हानिया’ हा ग्रंथ रचला. जहरावींचा त्याला मोठा आधार आहे, पण एक गोष्ट त्याची स्वतःची आहे. त्यात वैद्य आणि रुग्ण दोघांचीही रंगीत चित्रे आहेत. रुग्णाला पालथे झोपवून कणा ताणणारे हात त्यात दिसतात. स्त्रियांवर उपचार करणाऱ्या स्त्री-वैद्यही दिसतात. आमच्या मालिशवाल्या खालांना आपल्या या थोरल्या बहिणींची खबर नव्हती.

फारकत

पुढे ही विद्या वाटली गेली. हिंदुस्थानात युनानी हकिमांनी दलक, रियाजत, हमाम आणि हिजामा यांना ‘इलाज बित-तदबीर’ या शाखेत एकत्र ठेवले. पण हा झाला ग्रंथांतला भाग. रोजच्या जगण्यात हकीम नाडी पाहून काढा द्यायचे, आणि हाडे बसवण्याचे काम तालमीतल्या वस्तादाकडे, हाडवैद्याकडे नाहीतर दाईकडे जायचे. या लोकांच्या बोटांत ज्ञान होते, पण त्यांना कुणी शरीररचना शिकवली नाही. आपण काय करतो याचे स्पष्टीकरण त्यांनी स्वतःच्या भाषेत शोधले. ‘हाड सरकले होते, बसवले’ हे ते स्पष्टीकरण.

युरोपातही हेच घडले. इंग्लंडमधले ‘बोनसेटर’ म्हणजे आपले हाडवैद्यच. डॉक्टर त्यांना हसत आणि रुग्ण त्यांच्याकडेच जात. अखेर १८६७मध्ये सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यचिकित्सकाने ‘बोनसेटर बरे करतात ते रुग्ण’ या विषयावर व्याख्यान दिले. आपल्या हातून बरे न झालेले रुग्ण त्यांच्याकडे बरे होतात, तेव्हा त्यांच्याकडून चांगले ते शिका आणि धोक्याचे ते टाळा, असा त्याचा सल्ला होता.

व्यायामाची वाट दुसरीकडून गेली. स्वीडनमध्ये पेहर हेन्रिक लिंग यांनी १८१३मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची राजमान्य संस्था काढली. तिथून औषध म्हणून व्यायाम देण्याची पद्धत जगभर पसरली. १८९४मध्ये लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संघटना उभी केली. ब्रिटनमधल्या आजच्या फिजिओथेरपीचा तो पाया मानला जातो.

याच काळात अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४मध्ये ऑस्टिओपॅथीची आणि डी. डी. पामर यांनी १८९५मध्ये कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली. दोघांच्याही विचाराचा गाभा असा की हाड जागचे हलले की रोग होतो आणि ते जागेवर आणले की रोग जातो. हाडवैद्याची बोली आता शाळेच्या अभ्यासक्रमात आली. अम्मीने ऐकलेले वाक्य एका खेड्यापुरते नव्हते, ते जगभर बोलले जात होते.

सांध्याची चढ-उतार

१९०५मध्ये बोस्टनच्या जोएल गोल्डथवेट आणि रॉबर्ट ऑसगुड या दोन डॉक्टरांनी कंबरदुखीचे मोठे कारण म्हणून सॅक्रोइलियाक सांध्याकडे बोट दाखवले. पुढची तीस वर्षे या सांध्याची चलती होती. पट्टे बांधले गेले, झटके दिले गेले आणि १९२०च्या दशकात तो सांधा शस्त्रक्रियेने कायमचा जोडून टाकण्यापर्यंत मजल गेली.

मग १९३४ साल आले. बोस्टनच्याच मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली चकती फाटून शीर दाबली जाते, हे दाखवून दिले. सगळ्यांचे लक्ष चकतीकडे वळले आणि आपला सांधा अडगळीत गेला. ‘स्लिप डिस्क’ हा शब्द आज खेड्यातही माहीत आहे, पण एसआय जॉइंट म्हटले की लोक तोंडाकडे बघतात, याचे मूळ इथे आहे. प्रत्यक्षात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांत दुखण्याचा उगम याच सांध्यात असतो, असा अंदाज वैद्यकीय साहित्यात दिला जातो.

अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्वीडनमध्ये सापडले. १९८९मध्ये स्टुरेसन आणि सहकाऱ्यांनी २५ रुग्णांच्या हाडांत सूक्ष्म धातूचे मणी बसवून, क्ष-किरणांनी या सांध्याची हालचाल मोजली. ती सरासरी अडीच अंश फिरण्याची आणि एका मिलीमीटरहूनही कमी सरकण्याची निघाली. दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या सांध्यात फरक दिसला नाही. १९९८मध्ये टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीच पद्धत वापरून झटका देण्यापूर्वी आणि नंतर हाडांची जागा मोजली. देणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला वाटत होते की हाड बसले. मोजमाप सांगत होते की हाड होते तिथेच आहे.

मग आराम का पडतो? कारण हाताचा दाब, ताण आणि झटका यांनी आखडलेले स्नायू सैल होतात आणि मज्जासंस्था काही काळ वेदनेचा आवाज कमी करते. ‘कट्ट’ हा आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो, हाड बसल्याचा नव्हे. हाडवैद्य खोटे बोलत नव्हता. त्याच्या हाताचा गुण खरा होता, त्याने सांगितलेली गोष्ट चूक होती. आणि त्या चुकीच्या गोष्टीची किंमत अम्मीने वीस वर्षे मोजली. आपले हाड कधीही निखळेल या भीतीने तिने वाकणे सोडले, जिना चढणे सोडले, नातवंडांना उचलणे सोडले. न वापरलेले स्नायू आणखी दुबळे झाले आणि दुखणे मुक्कामाला राहिले.

पुन्हा भेट

१९९०पासून रॉटरडॅमच्या फ्लेमिंग आणि स्नाइडर्स यांनी या सांध्याच्या स्थैर्याची दोन कारणे मांडली. एक, हाडांची एकमेकांत बसणारी घडण. दोन, भोवतीच्या स्नायूंनी आणि अस्थिबंधांनी दिलेली आवळ. कमानीचे दगड एकमेकांच्या दाबाने टिकतात, तसेच हे. बाळंतपणात अस्थिबंध सैल होतात, पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, म्हणून बायकांत हे दुखणे अधिक. त्यावर उपाय म्हणजे आवळ परत आणणे. नॉर्वेच्या स्टुगे आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये बाळंतपणानंतर असे दुखणे असलेल्या ८१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना स्नायू स्थिर करणारे खास व्यायाम वीस आठवडे दिले, त्यांचे दुखणे इतर उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले आणि तो फायदा पुढेही टिकला.

आपल्याकडे फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झाले. पोलिओच्या साथीची ती गरज होती. अम्मीला तपासणारी मुलगी त्याच परंपरेतली. तिने केले काय? पहिल्या तीन-चार भेटींत दहा-पंधरा मिनिटे हाताने काम. नितंबाच्या खोल स्नायूंवर दाब, सांध्यावर हलकी लयबद्ध हालचाल, आणि अम्मीला स्वतःच्या मांडीने तिच्या हाताविरुद्ध जोर लावायला सांगून मग सैल सोडणे. त्यानंतर लगेच व्यायाम. हाताने दुखणे उतरले की त्या सवलतीच्या वेळात शरीराला हालचाल शिकवायची. इब्न सिना यांचे व्यायामाआधीचे दलक मला इथे पुन्हा भेटले.

घरी करायला तिने पाच गोष्टी दिल्या. उताणे झोपून, गुडघे वाकवून, श्वास सोडताना बेंबीखालचे पोट हलके आत घेणे आणि लघवी रोखताना आवळतो तसे तळाचे स्नायू आवळणे. त्याच स्थितीत गुडघ्यांमध्ये उशी धरून पाच सेकंद दाबणे. मग कंबर उचलून पूल करणे. कुशीवर झोपून टाचा जोडलेल्या ठेवत वरचा गुडघा उघडणे. आणि शेवटी, पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी छातीकडे ओढत नितंबाला ताण देणे. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून दोनदा. हलका ताण जाणवला तर चालेल, कळ वाढली तर थांबायचे. झोपताना गुडघ्यांत उशी, कूस बदलताना गुडघे जुळवून एकदम वळायचे, एका पायावर भार देऊन उभे राहायचे नाही.

तिने काही धोक्याच्या खुणाही सांगितल्या. ताप, वजन उतरणे, पडल्यानंतरचे दुखणे, पायात अशक्तपणा, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टर गाठायचा. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो सांध्याच्या सुजेचा वेगळा आजार असू शकतो. त्यासाठी संधिवाताच्या डॉक्टरला दाखवायला हवे.

खुर्ची

आपल्या समाजात एक समज फिरत असतो की नमाज हाच सर्वोत्तम व्यायाम, नमाजी माणसाला सांधेदुखी होत नाही. अम्मी पन्नास वर्षांची नमाजी आहे. या समजाने तिच्या मनात वेगळाच अपराधभाव घातला होता, जणू दुखते म्हणजे इबादतीतच कुठे कसर राहिली. नमाज इबादत आहे. तिला फिजिओथेरपीची जाहिरात बनवून आपण तिचा मान वाढवत नाही. उलट आमच्या हनफी घरातल्या बायका कअदामध्ये दोन्ही पाय उजवीकडे काढून डाव्या नितंबावर बसतात, आणि अम्मीला दुखऱ्या बाजूवर तसे बसणे सर्वांत जड जायचे. इम्रान बिन हुसैन या सहाबींना आजारात उभे राहून जमले नाही तर बसून आणि बसूनही नाही तर कुशीवर नमाज पढण्याची सवलत मिळाली होती. ही हदीस अम्मीनेच मला लहानपणी शिकवली होती. मी तिला तीच परत ऐकवली.

खुर्ची अंगणातून आत आली. दोन महिने अम्मीने तिच्यावर बसून नमाज पढली आणि सकाळ-संध्याकाळ सतरंजीवर व्यायाम केला. दुखणे एकदम गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात ते वाढलेही, आणि तिने हाडवैद्याचे नाव काढले. मी तिला स्वीडनच्या त्या मण्यांची गोष्ट सांगितली. “मतलब हड्डी कब्बीच नई सरकी?” तिने दोनदा विचारून खात्री केली. मला वाटते, तिच्या दुखण्यावरचा पहिला खरा उतारा हे वाक्य होते.

बकरी ईदनंतर तिने एक दिवस जमिनीवर सजदा केला. उठताना भिंतीला हात लावला, पण थांबली नाही. लांब प्रवास झाला की अजूनही दुखते. मग ती दोन दिवस खुर्चीवर पढते आणि पुन्हा सतरंजीवर येते. मालिशवाल्या खाला अधूनमधून येतात, त्यांनाही तिने मनाई केलेली नाही. फक्त मालिश झाली की त्यांना बसवून ठेवते, स्वतः कंबर उचलून पूल करते आणि त्यांनाही करायला लावते. खालांची कंबरही तीस वर्षे दुखते आहे. त्यांना आजवर ते कुणी विचारले नव्हते.